झाकण वाचणारा

कोशिमुरा एइझो यांच्यासमोर एखादी जुनी लाखकामाची वस्तू ठेवली, तर ते आधी तिच्या पेटीकडे बघत. वस्तूकडे नंतर, सवड मिळाली तर. पेटीच्या झाकणावर काळ्या शाईची चार वळणदार अक्षरं आणि लाल शिक्का दिसला की चष्मा कपाळावरून नाकावर उतरे, श्वास जड होई, आणि मग गृहस्थ अर्धा तास झाकण वाचत बसत. अक्षरं चारच असत. त्यातली दोन त्यांना लागत नसत. तरी वाचत.

टपाल खात्यात जन्म काढलेल्या माणसाकडून दुसरी काय अपेक्षा ठेवायची, असं त्यांच्या बायकोचं, फुसाएचं म्हणणं होतं. आयुष्यभर पाकिटावरचा पत्ता वाचला. आत काय लिहिलंय ते बघायचं नाही, असा तिथला नियमच. निवृत्त होताना खात्यानं दिलेलं घड्याळ दोन वर्षांत बंद पडलं. सवय मात्र खात्यातून घरी आली ती ठणठणीत राहिली.

आमच्या कानाझावात निवृत्त पुरुषाला काहीतरी थोर करावं लागतं. कोणी 'नो' नावाच्या जुन्या नाटकातली गाणी घोकतो, कोणी खेळण्याएवढ्या बोन्साय झाडांची हजामत करतो. शेजारचे साधे लोक समुद्रावर गळ टाकून बसतात, पण त्यांना मासे मिळतात, त्यामुळे ते थोर गणले जात नाहीत. एइझोंनी चहा निवडला. चहा म्हणजे पिण्याचा नव्हे. दर मंगळवारी तेराशिमाबाईंच्या घरी जाऊन, गुडघे मोडून, एक वाटी चहा करायला पाऊण तास कसा लावावा ते शिकायचा. तेराशिमाबाई नव्वदीला टेकलेल्या. गुडघे केव्हाच गेले होते, पण जीभ शाबूत होती. वर्गात सगळ्या बायका आणि एइझो एकटे पुरुष. इतकी वर्षं झाली तरी बाईंनी त्यांना शेवटच्या पाहुण्याच्या जागेवरून हलवलं नव्हतं. त्या जागेवर कामं फार आणि मान कमी. एइझो घरी येऊन सांगत, "शेवटचा पाहुणा सगळ्यात अनुभवी लागतो." फुसाए म्हणे, "हो का," आणि मुळा चिरत राही.

चहाच्या पाठोपाठ जुनं लाखकाम आलं. चहाच्या डब्या, तबकं, आणि विशेषतः उदाच्या डब्या. मुठीत मावणारी, झाकणाची, चंदनाचे तुकडे ठेवायची डबी. चहाआधी निखारे रचताना तिच्यातला ऊद निखाऱ्यांजवळ ठेवायचा, एवढंच तिचं काम. हिगाशिदे नावाच्या दुकानदारानं आमच्या गृहस्थांचं पाणी पहिल्याच भेटीत जोखलं. इतरांना तो वस्तू दाखवायचा. यांच्यासमोर आधी रिकामी पेटी ठेवायचा, मग चहा आणायचा, मग हवापाण्याचं बोलायचा, आणि गृहस्थ झाकण वाचून पुरते विरघळले की आतून कुठलीतरी डबी आणून शेजारी ठेवायचा. एइझो डबीकडे बघून म्हणत, "हं. हीच ना?" आणि पेटी काखेत मारून निघत.

अशा पेट्यांनी घर भरलं. बागेकडच्या सहा चटया मावतील एवढ्या खोलीत पूर्वी त्यांची मुलगी सावाको राहायची. आता तिथे छतापर्यंत पेट्या होत्या. हिवाळ्यात पेट्यांची लाकडं तडकू नयेत म्हणून त्या खोलीत वाफेचं यंत्र दिवसभर फुसफुसत असे. फुसाए स्वयंपाकघरात रॉकेलच्या शेगडीपाशी दोन स्वेटर घालून बसे.

"अहो, पेट्यांना वाफ लागते तशी मलाही ऊब लागते."

"तू काय तडकणार आहेस?" एइझो म्हणत.

त्या पेट्यांमधल्या वाट्या कधी जेवणाला बाहेर आल्या नाहीत. फुसाए लाखकामासाठी नावाजलेल्या वाजिमाकडच्या गावात लहानाची मोठी झालेली. लाखेची वाटी रोज हातात यावी, तिला गरम आमटी लागावी, फडक्यानं पुसली जावी, तर ती वर्षावर्षानं उजळते, हे तिथल्या शेंबड्या पोरांनाही ठाऊक. कोंडून ठेवली की तिची रया जाते. फुसाएनं हे दोनदा सांगून पाहिलं. "तुला अक्षरं वाचता येतात का?" एइझोंनी विचारलं. मग तिनं सांगणं सोडलं आणि बाजारातून आमटीसाठी प्लास्टिकच्या दोन वाट्या आणल्या. वरून लाखेसारख्या लाल-काळ्या, कडेला सोनेरी रेघ. एइझो रोज सकाळी त्यातून आमटी प्यायला लागले. त्या वाट्यांना पेटी नव्हती, म्हणून त्यांनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

त्या वाट्या कुठल्या कारखान्याच्या आहेत, हे दुकानात उपड्या करून, बुडाच्या शिक्क्यावरून बघून मगच फुसाएनं त्या घेतल्या होत्या. त्याचं कारण सांगायला हवं.

सहा वर्षांपूर्वी सावाकोनं लग्न करायचा मुलगा घरी आणला. त्सुजिनो त्याचं नाव, यामानाकाचा. तिथल्या एका कारखान्याच्या वाट्या तो दुकानोदुकानी विकत फिरे. मायक्रोवेव्हमध्ये चालणाऱ्या, खाली पडल्या तरी न फुटणाऱ्या. बिचाऱ्यानं सासऱ्याला भेट म्हणून आपल्याच कारखान्याच्या पाच वाट्या आणल्या. एइझोंनी एक उचलली, नखानं टिचकी मारली आणि विचारलं, "आतून काय आहे?"

"प्लास्टिक आहे," त्सुजिनो म्हणाला. "पण रंग अगदी—"

"प्लास्टिक. बरं झालं, खोटं तरी बोलला नाहीस." आणि त्यांनी वाट्या बोटानं त्याच्याकडे सरकवल्या, पोस्टात चुकीच्या पत्त्याचं पार्सल परत करतात तशा. "आमच्या घरात वरून एक आणि आतून एक असलेल्या वस्तू ठेवत नाहीत."

सावाको उठली, वाट्या कापडात बांधल्या आणि त्या मुलाबरोबर निघून गेली. लग्नाला फुसाए एकटी गेली. तेव्हापासून मंगळवारी एइझो चहाला गेले की माय-लेकी फोनवर बोलत. आणि इकडे हा माणूस रोज सकाळी जावयानं विकलेली वाटी ओठाला लावून जावयाला नावं ठेवत असे. फुसाएला त्या वाट्यांनी जितकं सुख दिलं तितकं लग्नातल्या कुठल्याही अंगठीनं दिलं नव्हतं.

घरात पेटीविना असलेली लाखेची एक वस्तू होती. पूर्वजांच्या देव्हाऱ्यासमोर फुसाए चंदनाचे तुकडे ठेवायची ती काळी डबी. गोल, सपाट, तळहाताच्या खळग्यात बसणारी. झाकणावर शरदातलं उंच गवत आणि गवताच्या पात्यावर एक रातकिडा. वर्षानुवर्षं बोटं लागून गवताचं सोनं पुसट झालं होतं, किड्याच्या मिशा उरल्या होत्या. एइझो तिला 'बेवारशी' म्हणत. "पेटी नाही, नाव नाही, गाव नाही. कुठून आणलीस?" असं त्यांनी एकदा विचारलं होतं, पण उत्तराला थांबले नाहीत.

ती त्यांच्याच आईची होती. पहिलं बाळंतपण माहेरी, या रिवाजानं फुसाए सावाकोच्या वेळी आईकडे गेली होती. डिसेंबरचे शेवटचे दिवस. एइझो टपाल कचेरीत नववर्षाच्या कार्डांच्या ढिगाऱ्यात बुडालेले, म्हणून बारशाला सासूबाई एकट्याच बसनं धक्के खात आल्या. येताना त्यांनी ही डबी आणली होती, तिच्या पॉलोनियाच्या हलक्या लाकडाच्या पांढऱ्या पेटीसकट. त्याच सकाळी बाळाची नाळ वाळून पडली होती आणि फुसाएची आई ती जपून ठेवायला छोटी पेटी शोधत होती. सासूबाईंनी डबी बाहेर काढून फुसाएच्या हातावर ठेवली, पेटीत कापूस घातला, कापसात नाळ निजवली आणि फीत बांधली.

"पेटी पोरीला, डबी तुला," त्या म्हणाल्या. "डबी रोज वापर. आणि पेटीवर काय लिहिलंय ते कोणाला सांगत बसू नकोस. आमच्या एइझोला तर मुळीच नको. लहानपणापासून त्याला मिठाई दिली की तो वरचा कागद जपून ठेवायचा."

फुसाएनं सांगितलं नाही. पेटी तिच्या कपाटात, किमोनोच्या घडीखाली राहिली. दर डिसेंबरात सावाकोच्या वाढदिवसाला फुसाए ती उघडायची, बघायची, आणि परत बांधून ठेवायची.

तर त्या वर्षी सप्टेंबरात तेराशिमाबाईंनी वर्ग संपताना सहज सांगितलं, "ऑक्टोबरचा चहा यंदा कोशिमुरांकडे."

एइझोंना आकाश ठेंगणं झालं. ऑक्टोबरचा चहा म्हणजे सरत्या ऋतूचा, हिवाळ्यासाठी जमिनीतली चूल उघडण्याआधीचा शेवटचा. त्या दिवशी नव्याकोऱ्या वस्तू मांडत नाहीत. झिजलेलं, सांधलेलं, वापरून जुनं झालेलं, तेच त्या दिवशी शोभतं. तो निभावला की शेवटच्या पाहुण्याच्या जागेवरून सुटका, हे एइझोंनी स्वतःच ठरवून टाकलं. घरी येईपर्यंत ते दोन इंच उंच झाले होते.

त्याच आठवड्यात सावाकोचा फोन आला. तिला आठवा लागला होता. पाय सुजत होते, त्सुजिनो महिन्यातले वीस दिवस फिरतीवर. डॉक्टर म्हणाले, एकटं राहू नका. "आई, मी घरी येऊ का ग?" तिनं विचारलं. सहा वर्षांत पहिल्यांदा ती 'घरी' म्हणाली. फुसाएला लेक हवी होती. एवढंच, दुसरं काही नाही. आपण जशा आईकडे गेलो तशी लेक आपल्याकडे यावी, तिला पेज करून घालावी, तिच्या पायांना तेल लावावं.

संध्याकाळी तिनं नवऱ्यापुढे विषय काढला. एइझोंनी आमटीची वाटी खाली ठेवली.

"ऑक्टोबरात? माझा चहा आहे ऑक्टोबरात."

"चहा एक दिवस आहे. बाळंतपण चहाला विचारून येत नाही."

"आणि तिच्या खोलीतल्या पेट्या? त्या कुठे ठेवायच्या?"

या माणसाबरोबर आपण जन्म काढला, याची फुसाएला त्या क्षणी मनापासून लाज वाटली.

"आणि शिवाय," एइझो पुढे म्हणाले, "प्लास्टिकवाल्याच्या घरची ती. गेली ती आपल्या पायांनी गेली." वाटी उचलली, उरलेली आमटी प्यायले.

चहाच्या दहा-बारा दिवस आधी तेराशिमाबाई काठी टेकत खोली आणि सामान बघायला आल्या. एइझोंनी आपली सगळ्यात भारी उदाची डबी काढून ठेवली होती. अर्थात तिची पेटी पुढे आणि डबी पेटीत. झाकणावरच्या अक्षरांबद्दल त्यांनी पाठ केलेलं सगळं म्हणून दाखवलं. बाईंनी ऐकून घेतलं, पेटी उघडली, डबीभोवतीचा कापूस बाजूला केला. कापूस बराच होता. मग पेटी कानाशी धरून हलवली. आत डबी गडगडली.

"पेटी फार छान आहे," बाई म्हणाल्या. "हिच्यातली वस्तू कुठे गेली?"

"हीच की, बाई."

"ही नव्हे. ही हिच्यात भाड्यानं राहतेय. कापूस भरून बसवलीय दुकानदारानं." त्यांनी झाकण लावलं. "तुमच्याकडे सगळ्या अशाच आहेत का?"

बाईंना उत्तर नकोच होतं. त्या उठल्या आणि देव्हाऱ्यापाशी गेल्या. एइझोंची आई आणि त्या एकाच गुरुजींकडे शिकलेल्या, म्हणून आल्या की तिला ऊद वाहिल्याशिवाय जात नसत. एरवी ऊद फुसाए काढून देई. आज ती स्वयंपाकघरात होती, तेव्हा बाईंनी स्वतःच डबी उचलली, आणि उचलली ती खाली ठेवली नाही. झाकणावरून अंगठा फिरवत राहिल्या.

"हा रातकिडा अजून इथेच आहे तर," त्या म्हणाल्या. "थोरल्या गुरुजींच्या घरी मी हिच्यातून ऊद घातलाय. नंतर त्यांनी ती तुमच्या आईला दिली. मला हवी होती, मला नाही दिली." चार तपं उलटली तरी तो राग बाईंच्या आवाजात ताजा होता. "ऑक्टोबरला हीच ठेवा. किती छान झिजलीय. कोणी वापरली?"

"मी," चहा घेऊन आलेली फुसाए दारातून म्हणाली.

"पण बाई," एइझो घाबरून म्हणाले, "हिला पेटी नाही."

"निखाऱ्यावर ऊद ठेवणार आहात की पेटी?" बाई उठता उठता पुढे बोलल्या आणि तिथेच घोटाळा झाला. "होती तशी पेटी. गुरुजींच्या हातची अक्षरं होती झाकणावर. गेली असेल कुठे."

त्यानंतर एइझोंनी घर उलटं केलं. माळा काढला, फरशीखालच्या लोणच्याच्या बरण्या काढल्या, आईच्या जुन्या छत्र्या उघडून बघितल्या. कालपर्यंत जिला बेवारशी म्हटलं तिच्यासाठी हा माणूस आता कोळिष्टकात रांगत होता. डबीकडे बघायला मात्र त्याला अजूनही वेळ झाला नव्हता. फुसाए मुळे लोणच्याला घालत बसली होती. तिला हसू येत होतं आणि संतापही.

चौथ्या की पाचव्या दिवशी एइझो केसांत धूळ घेऊन तिच्यासमोर येऊन बसले. "अगं," ते म्हणाले, आणि आवाज इतका मऊ होता की तिनं वर बघितलं. "आईनं तुझ्याकडे कधी एखादी पेटी दिली होती का?"

कित्येक वर्षांत त्यांनी तिला काही विचारलं नव्हतं. फुसाएनं हात पुसले. एक विचार तिच्या मनात आला. चांगला विचार होता, म्हणूनच तिला नंतर स्वतःचा राग आला. हे पेटी उघडतील, असं तिला वाटलं. उघडतील आणि बघतील. बोलायची गरजच पडणार नाही. तिनं कपाटातून पेटी काढली आणि त्यांच्यापुढे ठेवली.

एइझोंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. झाकणावरच्या अक्षरांवर हात फिरवला. डोळ्यांत पाणी आलं. लेकीच्या लग्नाच्या दिवशी हे डोळे कोरडे होते.

"उघडून बघा ना," फुसाए म्हणाली.

"ही गाठ बघ. ही गाठ!" ते कुजबुजले. "गुरुजींच्या घरची असणार. अशी गाठ आता कोणाला मारता येत नाही. इतक्या वर्षांत कोणी हात लावला नाही हिला."

ती गाठ फुसाएनं गेल्या डिसेंबरात मारली होती. भात उतू जात होता म्हणून घाईत मारलेली, जरा वाकडीच.

"अहो, आत काय आहे ते तरी बघा."

"आत काय असणार? डबी तर बाहेर आहे. रिकामी आहे ती." त्यांनी पेटी दोन्ही हातांनी कपाळाला लावली. "गाठ मी सोडणार नाही. बाईंच्या हातून सुटली पाहिजे, सगळ्यांच्या समोर."

फुसाए मुळ्यांकडे परत गेली. सांगून टाकावं असं तिला एकदा वाटलं, पण तोंड उघडलं नाही. बाईंच्या हातून सुटली पाहिजे ना, मग सुटू दे, असं तिनं मनाशी म्हटलं आणि मुळ्यांवर दगड ठेवला.

चहाच्या दिवशी आकाश स्वच्छ होतं. वर्गातल्या चार बायका फिक्या किमोनोत आल्या. या बायका कशालाही 'किती छान' म्हणत. भिंतीवरचा डाग दाखवला असता तरी म्हणाल्या असत्या. तेराशिमाबाई मुख्य पाहुण्याच्या जागी बसल्या. फुसाए सरकत्या दाराआड, मागच्या खोलीत, खाऊच्या ताटल्या लावत होती.

खरं सांगायचं तर एइझोंनी निखारे बरे रचले. डबीतून चंदन घातलं, वास पसरला, आणि रिवाजाप्रमाणे बाईंनी डबी बघायला मागितली. डबी हातोहात फिरली. पुसट गवत बघून बायका 'किती छान' म्हणाल्या, आणि या वेळी ते खरं होतं. मग ठरलेले प्रश्न.

"डबीचा घाट?"

"गोल, चपटा."

"घडवणारा?"

"अज्ञात, कागा प्रांतातला."

"आत ऊद कुठला?"

"चंदन."

इथे थांबायचं असतं. पेटी बघायची असेल तर पाहुणा मागतो, यजमान तिचं नाव काढत नाही. पण एइझोंना धीर कुठला. "पेटी आहे," ते म्हणाले, आणि आधीच मागे आणून ठेवलेली पेटी त्यांनी बाईंपुढे सरकवली. "थोरल्या गुरुजींच्या हातची. गाठ तेव्हापासूनची. आपण सोडावी."

बाईंनी गाठ बघितली. "ही कोणा घाईतल्या माणसाची गाठ आहे," त्या म्हणाल्या आणि एका झटक्यात सोडली. झाकण उचललं, मागच्या बाजूला शिक्का आहे का ते बघितलं, बाजूला ठेवलं. मग कापूस उलगडला.

कापसात सुकलेल्या देठासारखं काळपट, वेटोळं काहीतरी होतं. चारही बायका पुढे वाकल्या. काय आहे ते ओळखायला त्यांना क्षणही लागला नाही. प्रत्येकीच्या कपाटात घरच्या पोरांची तशी एकेक पेटी होती. कोणी 'किती छान' म्हणालं नाही.

एइझोंना कळायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

तेराशिमाबाईंनी पेटी आपल्या रेशमी रुमालावर ठेवली, दोन्ही हात चटईवर टेकले, आणि मघाशी डबीला केला तसाच तिला नमस्कार केला. मग मघाच्याच आवाजात विचारलं, "घडवणारा?"

एइझोंचा हात सवयीनं झाकणाकडे गेला.

"मुख्य पाहुण्यानं विचारलं तर सांगायचं असतं, कोशिमुरा. घडवणारा कोण?"

"आम्ही," एइझो म्हणाले. "आम्ही दोघं."

"नाव?"

"सावाको."

"सध्या कुठे असते?"

"यामानाकाला."

"शेवटची कधी पाहिलीत?"

किटलीतलं पाणी तेवढं वाजत होतं. मागचं दार सरकलं. फुसाए खाऊच्या ताटल्या घेऊन गुडघ्यांवर बसली होती. तिनं रिवाजाप्रमाणे वाकून नमस्कार केला आणि रिवाजात नसलेलं बोलली.

"सहा वर्षं झाली, बाई. या महिन्यात तिला बाळंतपणाला यायचं होतं. पण तिच्या खोलीत पेट्या आहेत."

बाईंनी कापूस हलक्या हातानं परत मिटला, झाकण लावलं, फीत बांधली. गाठ त्यांचीही वाकडीच आली. नव्वदीतले हात.

"तुमच्या घरात एवढीच एक पेटी भरलेली दिसते," त्या म्हणाल्या. "चला, चहा करा. पाणी उतू जातंय."

चहा झाला. सगळ्यांनी प्यायला. तो कसा झाला होता हे कोणालाच आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून एइझो बागेकडच्या खोलीतून पेट्या बाहेर काढत होते. त्यात काही थोरपणा होता असं समजू नका. प्रत्येक पेटी काढताना कुरकुर चालूच होती. बोळात दमट आहे, जिन्याखाली उंदीर आहेत, ही वरची, ती खालची. दुपारी घामेजून ते स्वयंपाकघराच्या दाराशी आले. "ते वाफेचं यंत्र," त्यांनी विचारलं, "बाळाला लागतं का?"

"बाळ काय तडकणार आहे?" फुसाए म्हणाली. मग तिलाच कसंतरी वाटलं. "असू दे तिथेच," ती म्हणाली.

शनिवारी त्सुजिनो सावाकोला कारखान्याच्या गाडीतून घेऊन आला. सावाको पोट सावरत आत गेली. बापासमोरून जाताना "आले," एवढंच म्हणाली, घरी परतलेलं माणूस म्हणतं तसं. एइझो "ये" म्हणाले, तेही दुसरीकडे बघत. त्सुजिनो तिची बॅग उंबऱ्याच्या आत ठेवून बाहेरच उभा राहिला. सहा वर्षांपूर्वीचा उंबरा त्याला अजून आठवत असावा.

"जेवायची वेळ झालीय," एइझो भिंतीला उद्देशून म्हणाले. भिंत काही जेवणार नव्हती, म्हणून त्सुजिनो आत आला.

फुसाएनं भात वाढला, मासा वाढला, आमटी वाढली. रोजच्याच वाट्यांत वाढली. दोन होत्या त्या दोघा पुरुषांपुढे ठेवल्या. त्सुजिनोनं वाटी उचलली, ओठापर्यंत नेली आणि थबकला. आपला माल माणूस अंधारातही ओळखतो. त्यानं वाटी किंचित वर धरून बुडाशी नजर टाकली, सासूकडे बघितलं, आणि आमटी प्यायला लागला. त्याचे कान लाल झाले होते.

एइझोंनी ते बघितलं. आपली वाटी संपवली, चष्मा नाकावर ओढला आणि ती उपडी केली. बुडाला कारखान्याचं नाव होतं, खाली 'यामानाका'. त्यांनी ते वाचलं. चारच अक्षरं होती, आणि या वेळी सगळी लागली.

कडेची सोनेरी रेघ पुसत आली होती. वाटी रोजच्या हातांनी मऊ झाली होती.

"किती वर्षं आहे ही?" त्यांनी विचारलं.

"सहा," फुसाए म्हणाली.

एइझो वाटी हातात फिरवत बसले. सावाकोनं जेवण थांबवलं. त्सुजिनोनं मान खाली घातली, पुन्हा ती टिचकी येणार म्हणून. टिचकी आली नाही.

"गळत नाही," एइझो म्हणाले, आणि वाटी जावयापुढे धरली. "अजून थोडी वाढा."